टोकाकडून मुळाकडे

कंगवा विकत घेताना दात किती, रंग कोणता, किंमत काय हे पाहिलं जातं. ज्या केसांतून तो फिरणार त्यांचं वय मात्र कुणी विचारात घेत नाही. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण १ ते १.२५ सेंटीमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला जेमतेम १५ सेंटीमीटर. या हिशेबाने ९० सेंटीमीटर लांब केसाचं टोक सहा वर्षांपूर्वी टाळूतून बाहेर पडलेलं असतं आणि त्याच केसाचा मुळालगतचा भाग गेल्या आठवड्यातला असतो. दिवसातून दोनदा विंचरलं असं धरलं, तर त्या टोकावरून कंगवा चार हजारांहून अधिक वेळा गेलेला असतो. प्रयागराजच्या स्मिता श्रीवास्तव यांच्या केसांची २३६.२२ सेंटीमीटर लांबी गिनीजने २०२३ साली नोंदवली. त्यांच्या केसांच्या टोकांचं वय याच गणिताने पंधरा वर्षांच्या पुढे जातं. टाळूबाहेर आलेला केस निर्जीव केराटिनचा असतो. त्वचेवरचा ओरखडा भरून येतो, केसावरचा येत नाही. तो तिथेच राहतो आणि पुढच्या प्रत्येक विंचरण्यात थोडा वाढतो. म्हणून लांब केसांसाठी कंगवा किंवा ब्रश निवडायचा तो टोकांकडे बघून, मुळांकडे बघून नव्हे. बाजार नेमकं उलट शिकवतो. वेष्टनांवर टाळूचा मसाज, रक्ताभिसरण, मुळांची बळकटी हीच भाषा असते, कारण केस गळण्याची भीती मोठी आणि ती विकणं सोपं. केसांची वाढ किती वर्षं चालणार हे ज्याच्या-त्याच्या जन्मजात घडणीवर ठरतं, ते कुठल्याच कंगव्याच्या हातात नाही. पण ‘केस एका लांबीपुढे वाढतच नाहीत’ ही तक्रार पुष्कळदा मुळांची नसतेच. वर जितकं वाढतं, तितकंच खाली तुटत असतं.

खाली का तुटतं, हे केसाच्या बाहेरच्या आवरणावरून कळतं. गाभ्याभोवती क्युटिकलचे चपटे खवले असतात. एकेका खवल्याची जाडी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, रचना एकावर एक पाच ते दहा थरांची, आणि सगळ्यांच्या कडा टोकाच्या दिशेने वळलेल्या. म्हणूनच एखादा केस चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे बोटं सरकवली तर तो गुळगुळीत लागतो, उलट सरकवली तर अडखळतो. सगळ्यांत बाहेर एकाच रेणूच्या जाडीचा स्निग्ध पापुद्रा असतो. केसाचा निसरडेपणा बराचसा त्याच्यामुळे येतो आणि ब्लीचने तो निघून जातो. मुळाजवळ हे सगळं शाबूत असतं. खाली जाताना आधी खवल्यांच्या कडा झिजतात, मग थर कमी होतात, आणि शेवटच्या काही सेंटीमीटरांत कधीकधी गाभाच उघडा पडून त्याचे तंतू सुटे होतात. केसांना फाटे फुटतात ते असे. यात ऊन, रंग, ड्रायर आणि इस्त्री यांचाही वाटा आहे, पण विंचरणं रोजचं असतं. म्हणजे कंगव्याला एकाच फेरीत दोन वेगळ्या वस्तूंमधून जायचं असतं: वर नवा, चिवट, निसरडा केस आणि खाली जुना, खरखरीत केस. आणि यातली गोम अशी की आपल्याला कळतं ते फक्त वरचं. टाळू ओढली गेली की आपण कळवळतो. टोक तुटताना कुठेच दुखत नाही. कंगवा सौम्य आहे की नाही याची साक्ष आपण टाळूकडे मागतो, आणि टाळूला टोकांचं काहीच ठाऊक नसतं.

एक निरोगी कोरडा केस तोडायला साधारण ८० ते १०० ग्रॅम वजन टांगावं लागतं. डोक्यावर असे एक लाखाच्या आसपास केस. मग साध्या कंगव्याने ते तुटतात कसे? कारण कंगव्याचा जोर सगळ्या केसांत सारखा वाटला जात नाही. प्रयोगशाळेत केसांची बट टांगून तिच्यातून ठरावीक वेगाने कंगवा ओढतात आणि लागणारा जोर मोजतात. आलेख बराच वेळ जवळपास सपाट जातो आणि बटीच्या शेवटच्या थोड्या अंतरात उसळी घेतो. वाटेत भेटलेले सगळे वेढे आणि फास कंगव्याने आपल्यापुढे ढकलत तिथवर आणलेले असतात, आणि ते सगळे मोजक्या केसांवर येऊन आवळतात. आवळल्यावर काय होतं याचं गणित अठराव्या शतकात ऑयलरने मांडलं आहे. होडी धक्क्याला लावताना नावाडी दोराचे दोन-तीन वेढे खुंट्याला घालतो आणि लाटांनी ओढली जाणारी होडी एका हाताने थोपवून धरतो. कंगव्याच्या दाताला किंवा शेजारच्या केसाला वेढा घातलेला केस याच नियमाने वागतो. वेढा वाढला की ताण बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. घर्षणाचा गुणांक ०.२५ धरला, तर एका पूर्ण वेढ्याला ताण जवळपास पाचपट होतो, दोन वेढ्यांना २३ पट, तिसऱ्याला शंभराच्या पुढे. गुणांक ०.४ धरला, तर एकाच वेढ्याला बारापट. टोकांचा पृष्ठभाग जास्त खरखरीत, म्हणजे वेढा तेवढाच असला तरी तिथे गुणाकार मोठा. हाताला जाणवणारा झटका किरकोळ असतो, आणि त्यात एखाद्या केसाच्या वाट्याला त्याच्या ताकदीपलीकडचा ताण आलेला असतो.

लांबी वाढली की गुंता वाढतो, हे लांब केसवाल्यांना सांगायला भौतिकशास्त्रज्ञ लागत नाही. तरी २००७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो केंद्रातल्या डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ यांनी खोक्यात दोरी टाकून खोकं फिरवलं आणि गाठी मोजल्या. ४६ सेंटीमीटरपेक्षा आखूड दोरीला गाठी पडल्याच नाहीत. त्यापुढे लांबीबरोबर गाठींची शक्यता झपाट्याने वाढत गेली, आणि त्या काही सेकंदांत पडत होत्या. केसाचं एक टोक डोक्याला बांधलेलं असतं, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे केसांना लावता येत नाहीत. पण हलत्या, लांब, लवचीक तंतूला गाठ पडणं हा अपघात नसून नियमच आहे, एवढं त्यातून नक्की घेता येतं. आपल्या मुद्द्याला अधिक जवळचं काम हार्वर्डमधल्या लक्ष्मीनारायणन महादेवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं, २०२२ सालचं. त्यांनी एकमेकांत पिळलेले दोन सर्पिल तंतू वर बांधून घेतले आणि त्यांच्यामधून कंगव्याचा एकच दात फिरवला. दोन तंतूंमधला पीळ नाहीसा होत नसतो, तो फक्त सरकतो, आणि त्याला बाहेर पडायला वाट एकच: मोकळं टोक. वरून लांब फटकारा मारला तर सगळा पीळ खाली दाबला जातो आणि बाहेर पडण्याच्या जागीच कोंडी होते. टोकापासून सुरुवात करून, लहान-लहान फटकाऱ्यांनी हळूहळू वर सरकत गेलं, तर ही कोंडी होत नाही. मुलीची वेणी घालताना ‘आधी खालचा गुंता काढ’ म्हणणाऱ्या बायकांना हे माहीत होतंच. आता ते का खरं आहे हेही कळलं.

यावर एक आक्षेप लगेच येतो. सगळं जर विंचरण्याच्या पद्धतीवरच असेल, तर साधन कुठलंही का असेना? आक्षेपात तथ्य आहे. घाईघाईने ओढलेला महागडा ब्रश हा टोकापासून सावकाश फिरवलेल्या स्वस्त कंगव्यापेक्षा वाईटच. पण पद्धत कितीही चांगली असली तरी दात आणि केस यांच्यामध्ये घर्षण राहतंच, आणि ते साधनावर ठरतं. गुंता काढायचा कंगवा विरळ दातांचा असावा, दोन दातांत अर्धा-पाऊण सेंटीमीटर जागा असलेला. कारण सरळ आहे: दातांमधली जागा जितकी मोठी, तितके कमी वेढे एका वेळी एका दाताशी भांडतात. दात लांब असावेत, नाहीतर दाट केसांत कंगवा वरवरच फिरतो आणि आतला गुंता तसाच राहतो. सगळ्यांत महत्त्वाची, आणि सहसा न पाहिली जाणारी गोष्ट म्हणजे दातांचं फिनिशिंग. स्वस्त प्लास्टिकचा कंगवा साच्यात ओततात. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे प्रत्येक दातावर एक बारीक उभी धार राहते. डोळ्यांना ती क्वचितच दिसते, पण केस अर्ध्या मायक्रॉन जाडीच्या खवल्यांनी झाकलेला आहे, त्याच्या मापाने ती करवतच. सेल्युलोज अॅसिटेटच्या जाड पत्र्यातून दात कापून नंतर घासून-पॉलिश करून बनवलेल्या कंगव्यांना ही धार नसते, आणि त्यांची जास्त किंमत निदान या एका कारणासाठी पटण्यासारखी आहे. दुकानात तपासायची युक्ती सोपी. कापसाचा पातळ पुंजका दातांवरून, विशेषतः दातांच्या बुंध्याशी, ओढून पाहावा. जिथे कापूस अडकतो तिथे केसही अडकणार. पॉलिश केलेला साच्याचा कंगवाही चांगला निघू शकतो आणि हाताने बनवलेला वाईट. कापसाला किंमत कळत नाही.

ब्रशचं प्रकरण थोडं निराळं. कंगव्याला दातांची एक रांग असते, चपट्या मोठ्या ब्रशला आठ-दहा. केस एका रांगेतून दुसऱ्या रांगेत जाताना नागमोडी वळतो. प्रत्येक वळणाचा कोन मघाच्या गुणाकारात भर घालतो. म्हणून ताठ काड्यांचा, अनेक रांगांचा ब्रश गुंतलेल्या लांब केसांत घालणं हे कंगव्यापेक्षा धोक्याचं. गोल ब्रश तर मुद्दाम वेढे घालण्यासाठीच बनवलेला असतो, वर ड्रायरची उष्णता. लांब केसांच्या टोकांसाठी याहून वाईट जोडी सुचवणं कठीण. यावरचा एक उपाय म्हणजे काड्यांनाच नमतं घ्यायला लावणं. लंडनच्या मेसन पिअर्सन यांनी १८८५ साली काड्या हवेच्या रबरी गादीवर बसवल्या. ताण वाढला की काडी आत दबते आणि केस सुटतो. अलीकडचे लांब-आखूड, वाकणाऱ्या प्लास्टिक दातांचे ब्रश याच तत्त्वावर चालतात. इंग्लंडमधले केस रंगवणारे कारागीर शॉन पल्फ्री यांचा असा ब्रश २००७ साली टीव्हीवरच्या गुंतवणूकदारांनी नाकारला आणि नंतर तो जगभर खपला. दात वाकतो म्हणजे केसावर येणारा ताण एका मर्यादेपलीकडे जात नाही, आणि ही खरोखरच उपयोगी कल्पना आहे. तिचा तोटा एवढाच की ओढ जाणवत नाही म्हणून हात वेगाने चालतो, आणि गाठ सुटण्याऐवजी तिच्यावरून दात घसरून जातात. डुकराच्या राठ केसांचे महाग ब्रश गुंता काढण्यासाठी नाहीतच. विंचरून मोकळ्या झालेल्या केसांवर टाळूचं तेल खालपर्यंत पसरवणं हे त्यांचं काम, आणि ते ते चांगलं करतात. काड्यांच्या टोकांवर गोळे असलेले ब्रश टाळूला सुखावतात, पण काडी आणि गोळा यांच्या सांध्यात केस अडकून तुटतो. टाळू आणि टोक यांचं हित एक नसतं, याचा इतका ठळक नमुना दुसरा नाही.

लाकडी कंगव्याबद्दल, त्यातही कडुनिंबाच्या, आपल्याकडे मोठी श्रद्धा आहे. त्यातलं खरं किती? कोरड्या हवेत प्लास्टिक आणि केस घासले की दोघांवर उलट विद्युतभार येतो, सगळ्या केसांवर सारखाच भार आल्याने ते एकमेकांना दूर ढकलतात, उडतात आणि पुन्हा गुंततात. लाकडावर हे कमी होतं. विदर्भातल्या हिवाळ्यात हा फरक जाणवेल. कोकणात किंवा गोव्यात वर्षातला बराच काळ हवाच इतकी दमट असते की प्रश्न फारसा उद्भवत नाही. चांगलं घासलेल्या लाकडी दाताला साच्याची धारही नसते. इथवर ठीक. पण निंबाचे औषधी गुण कोरड्या लाकडातून केसांत उतरतात आणि कोंडा जातो, गळती थांबते, या दाव्याला आधार नाही. आणि लाकूड पाणी पितं. ओल्या केसांत रोज वापरलेल्या लाकडी कंगव्याचे तंतू उठतात, दाताला बारीक कूस निघते, आणि मग साच्याच्या धारेपेक्षा ती वाईट. लाकडी कंगवा घ्यावा, पण कोरड्या केसांसाठी, आणि कापसाची परीक्षा त्यालाही द्यायला लावावी.

याहून जोरदार आक्षेप घरातूनच येतो. आजी-पणजीच्या पिढीने बारीक दातांच्या फणीने केस विंचरले आणि त्यांच्या वेण्या मनगटाएवढ्या जाड होत्या, हे कसं? एक तर ज्यांच्या वेण्या जाड होत्या त्यांच्याच आठवणी सांगितल्या जातात; विरळ केसांना गंगावन जोडणाऱ्या बायकाही त्याच पिढीत होत्या. दुसरं, फणी मुख्यतः उवा-लिखांसाठी होती. इस्राएलमधल्या लाखीश इथे २०१६ साली सापडलेला सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीचा हस्तिदंती कंगवा पाहा: एका बाजूला गुंता काढायला सहा जाड दात, दुसऱ्या बाजूला उवांसाठी चौदा बारीक दात, आणि अंगावर कनानी लिपीत उवा जाव्यात अशी इच्छा कोरलेली. एका कामाचं साधन दुसऱ्या कामाला लावू नये हे तेव्हाही माहीत होतं. पण खरं उत्तर तिसरं आहे. ती फणी कोरड्या केसांतून फिरत नव्हती. केस तेलाने माखलेले असत, आठवड्यातून एकदाच न्हाणं, बाकी सगळा वेळ वेणी किंवा अंबाडा, म्हणजे टोकं बांधलेली आणि झाकलेली. खोबरेल तेलाचा उपयोग मोजूनही पाहिलेला आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली. केसांतून निघून जाणारं प्रथिन कमी झालं ते फक्त खोबरेल तेलाने, कारण त्यातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचं असल्याने केसाच्या आत शिरू शकतं. ही कंपनी खोबरेल तेलच विकते, हे वाचकाने लक्षात ठेवावं. पण विंचरण्याच्या दृष्टीने तेलाचा आणखी एक, वादातीत फायदा आहे: घर्षण कमी होतं आणि मघाचा गुणाकार लहान होतो. आजीची वेणी टिकली त्याचं श्रेय फणीला देणं म्हणजे तेल, वेणी आणि सवड या तिघांचं श्रेय चौथ्याला देणं. आज रोज शाम्पू करून मोकळे केस सोडणाऱ्या मुलीने फक्त फणी उचलली तर तिच्या हाती तुटलेली टोकंच येतील.

ओल्या केसांबद्दल सरसकट नियम सांगितला जातो की ते विंचरूच नयेत. भिजलेला केस स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकं पाणी शोषतो, जाडीला पंधरा टक्क्यांच्या आसपास फुगतो, खवल्यांच्या कडा उचलल्या जातात आणि तो सहज ताणला जातो. सरळ किंवा थोड्या लाटेदार केसांच्या बाबतीत, आणि आपल्याकडे असेच केस जास्त, टॉवेलने पाणी टिपून केस अर्धे वाळू द्यावेत आणि मग विरळ कंगवा घ्यावा हे बरोबर आहे. पण घट्ट कुरळ्या केसांचा न्याय उलटा. ते कोरडे असताना ताठ वेटोळ्यांत अडकलेले असतात. ओले झाले की वेटोळी सैल पडतात, आणि कंडिशनर लावलेल्या ओल्या स्थितीतच त्यांतून कंगवा सर्वांत कमी जोरात जातो. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ डर्मॅटॉलॉजीचा सल्लाही केसांच्या जातीनुसार असाच वेगळा आहे. दिवसाला शंभर वेळा ब्रश फिरवल्याने केस वाढतात, ही समजूतही तीच संस्था खोडून काढते. शंभर वेळा फिरवलेल्या ब्रशने टाळूला काय मिळेल ते मिळो, टोकांची शंभर वेळा झीज होते.

मग विंचरायलाच नको, असं कुणी म्हणेल. तेही चालत नाही. रोज गळणारे ५० ते १०० केस लांब केसांतून आपोआप खाली पडत नाहीत, शेजारच्या केसांना वेढे घालत तिथेच राहतात. ते काढले नाहीत तर गुंत्यावर गुंता बसतो आणि शेवटी जट होते. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात अशा जटेचा संबंध यल्लम्मा देवीशी लावला गेला, आणि अनेक बायकांना ती आयुष्यभर मानेवर वागवावी लागली. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं त्यांची समजूत घालून जटा कापत आले आहेत. जटेमागे देवी नसून न सुटलेले वेढे आहेत, ही गोष्ट कंगव्याच्या भौतिकशास्त्रातली जितकी, तितकीच सामाजिकही. रोजचा विरळ कंगवा, झोपताना सैल वेणी, आणि सुटत नाही अशी गाठ आली तर कंगव्याऐवजी बोटं, एवढ्याने ती वेळ येत नाही. बोटांना गाठ कळते, दातांना कळत नाही.

आपला कंगवा टोकांना मानवतो की नाही, याचा पुरावा रोजच्या गुंतवळात असतो. खेड्यापाड्यांत गुंतवळ साठवून भांडी किंवा टिकल्या-पिनांच्या बदल्यात देण्याची रीत आहे; देण्याआधी ते पांढऱ्या कागदावर पसरून पाहावं. पूर्ण लांबीचा, एका टोकाला पांढुरका बारीक गोंडा असलेला केस हा आपलं आयुष्य संपवून मुळापासून सुटलेला. त्याला कंगवा जबाबदार नाही आणि त्यासाठी कंगवा बदलून उपयोगही नाही. गोंडा नसलेले, दोन-चार सेंटीमीटरचे तुकडे मात्र तुटलेल्या टोकांचे. हे तुकडे वाढायला लागले तर तेल किंवा शाम्पू बदलण्याआधी कंगवा उजेडात धरावा. एखादा दात वाकलेला, एखादा तुटून खरखरीत झालेला, ब्रशच्या काडीवरचा गोळा गळून उघडी पडलेली अणी, यांतलं काही सापडलं तर ते घासून नीट होत नाही. तो कंगवा टाकून द्यायचा.